जावयाची साक्ष

पवनचक्कीचा दांडा मोडला तेव्हाच हर्मन अताकाईनं ओळखलं की हे वर्ष काही धड जायचं नाही. वर पाती फिरत होती, खाली पंपातून पाणी येत नव्हतं, नुसती खडखड. नवाहो जमातीच्या कचेरीत त्यानं खेपा घातल्या. तिथला पोरगा म्हणाला, बघतो. मग पाऊस आला नाही, गवत उगवलं नाही, उन्हाळा सरून थंडीचं वारं सुटलं, तरी तो पोरगा बघतोच आहे.

आता पाणी आणायचं म्हणजे पार डांबरी सडकेपर्यंत जायचं. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, टँकर तिथवर यायचा आणि तिथंच पाय रोवून उभा राहायचा. त्याचा ड्रायव्हर अर्धा नवाहो होता आणि जिभेनं पुरता तिखट.

"पुढं ये की जरा," हर्मन दरवेळी म्हणायचा.

"कशावरनं येऊ? तुमच्या त्या रस्त्यावरनं? निम्मं पानी वाटेत सांडंल आनि उरलेल्यात मी बुडून मरंन. रस्ता करून घ्या, मग तुज्या दारात आनून वततो."

हर्मन आपल्या जुन्या ट्रकवर पिंपं चढवायचा, नळी धरायचा, भरलेल्या पिंपांना दोर आवळायचा. परतीच्या वाटेवर चाकोऱ्या इतक्या खोल होत्या की ट्रकचं पोट जमिनीला घासायचं. हाडं खिळखिळी व्हायची. घरी पोचेपर्यंत पाठीत कळ उठलेली असायची, आणि अजून बादल्यांनी पाणी टाकीत ओतायचं बाकी असायचं.

त्या दिवशी ट्रकचा आवाज ऐकताच मेंढ्या वाडा मोडून धावल्या. त्यांना पाण्याचा वास लांबूनच येतो. हर्मन ओरडला, हात पसरून आडवा झाला, पण तहानेला काय कळतं! सगळ्या एकमेकींच्या अंगावर चढल्या. त्या शांत झाल्या तेव्हा टाकीपाशी एक म्हातारी मेंढी आडवी पडली होती. तोंड चिखलात, आणि चिखल म्हणजे तरी काय, सांडलेल्या पाण्यानं झालेला तेवढाच. हर्मननं तिचे मागचे पाय धरले आणि तिला ओढ्याकडे ओढायला सुरुवात केली. ती हलकी लागली. नुसती लोकर आणि हाडं उरली होती.

मागून बारीक घंटी वाजली. हर्मननं लगेच मान वळवली आणि ट्रकच्या चाकाकडे बघत उभा राहिला.

ती घंटी त्याच्या सासूच्या कमरेला होती. यानाबा तिचं नाव. आमच्या जुन्या माणसांत जावयानं सासूचं तोंड बघायचं नसतं, सासूनंही जावयाचं. बघितलं तर डोळे जातात. म्हणून ज्यांच्या लेकींची लग्नं झाली, त्या बायका कमरेला चांदीची बारकी घंटी बांधत. ती वाजली की जावयानं तोंड फिरवायचं. नव्या पोरांनी हे केव्हाच सोडलं, हसतातसुद्धा. पण यानाबा जुन्या चालीची होती, आणि हर्मनला हसू येत नसे. त्याच्या मामानं एकदा दारूच्या नादात सासूच्या होगानात, म्हणजे लाकूडमातीच्या गोल घरात, डोकं घातलं होतं. वर्षाच्या आत मामाला समोरचा घोडा दिसेना. घरच्यांनी वैदूला बोलावून डोळे वाचवायचं गाणं घालायला उशीर केला, आज करू उद्या करू म्हणत राहिले, आणि मामा उरलेला जन्म भिंत चाचपत गेला. लहानपणी त्याला हात धरून परसाकडे नेणारा हर्मनच होता.

आणि जावई म्हणावं तर आमच्याकडे सगळेच घरजावई. घर बाईचं, मेंढ्या बाईच्या, नवरा आपलं खोगीर नि टोपी घेऊन राहायला येतो. त्यामुळे एकाच वस्तीत, दोन होगानांच्या मध्ये एक ढेकूळ टाकण्याइतक्या अंतरावर हर्मन आणि यानाबा अर्धा जन्म राहत होते आणि एकमेकांना दिसले नव्हते. बोलायचं झालं तर यानाबा आपल्या कुत्र्याशी बोलायची.

"कान्या," ती आत्ता म्हणाली, "त्या मानसाला सांग, ती मेंढी माज्या लग्नातल्या मेंढीच्या वंशातली व्हती. सांग त्याला, लोकर उतरवून घे म्हनावं."

कान्या शेपूट हलवत मेंढी हुंगत होता. "कान्या," हर्मन चाकाला म्हणाला, "लोकर उतरवतो म्हनावं."

"आनि त्याला इचार, आनखी किती मरत्याल?"

घंटी वाजत दूर गेली, आणि हर्मननं खिशातला चाकू काढला.

शनिवारी त्याची बायको ग्लेनीबा आली. ती सरकारी निवासी शाळेत स्वयंपाकी होती, आठवडाभर तिथंच राहायची आणि शनिवारी कोणाच्या तरी गाडीतून घरी यायची. आल्या आल्या तिनं चूल पेटवली, निळ्या मक्याचा घाटा शिजवला आणि मेंढवाड्याकडे एक नजर टाकून आईच्या होगानात गेली. आईशी बोलून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता.

"आईला मंगळवारी मत द्यायचंय," ती म्हणाली.

"देऊ दे की."

"ते आता आपल्या सभाघरात न्हाई. कोल्टरला जायला लागतं."

हर्मननं वाडगं खाली ठेवलं. कोल्टर म्हणजे डोंगरापलीकडचं गोऱ्यांचं गाव, गुरं पाळणाऱ्यांचं. राजधानीत कुणीतरी टेबलावर नकाशा पसरून राज्याच्या सिनेटच्या मतदारसंघांच्या रेघा नव्यानं ओढल्या होत्या, आणि त्यातली एक रेघ बरोबर आमच्या कोरड्या ओढ्यातून गेली. पलीकडची सगळी नवाहो वस्ती एका बाजूला राहिली. अलीकडची आमची मूठभर घरं कोल्टरला जोडली. कोल्टरचा सिनेटर पिढीजात गुरांचा मालक. तो आमच्याकडे कधी आला नाही, आणि रस्त्याची गोष्ट निघाली की म्हणायचा, तो केंद्र सरकारचा विषय आहे. केंद्र सरकारवाले म्हणायचे, राज्याचा. या दोघांच्या मध्ये तो रस्ता पडला होता, चाकोऱ्यांसकट.

या खेपेला त्याच्याविरुद्ध ॲग्नेस उभी होती. यानाबाच्या बहिणीची लेक, म्हणजे आमच्या हिशेबानं यानाबाचीच लेक. महिन्यापूर्वी ती वस्तीवर येऊन गेली. मटणाचा रस्सा आणि तळलेली रोटी खाल्ली, भांडी विसळू लागली. भाषण काही तिला जमेना. आमच्यात स्वतःचं स्वतः कौतुक करणाऱ्याला लोक हसतात, तर बिचारी मतं मागणार कशी? जाताना एवढंच म्हणाली, "मावशे, पयला ह्यो रस्ता करंन. न्हाई जमला तर हितं येऊन तुज्या तोंडावर सांगंन, न्हाई जमला म्हनून." यानाबाला तेवढं पुरे झालं. रस्ता झाला की टँकर येईल, टँकर आला की मेंढ्या जगतील, मेंढ्या जगल्या की वस्ती राहील. नाहीतर बर्फ पडायच्या आत कळप विकायचा, होगानांची दारं लावायची आणि लेकीच्या शाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन पडायचं. ते यानाबा मेल्यापेक्षा वाईट समजायची.

"ॲग्नेसला आपल्याकडची सगळीच्या सगळी मतं पडली तरी ती काठावरच हाय," ग्लेनीबा म्हणाली. "आई म्हनती, माजं मत घरात बसून सडू द्यायचं न्हाई."

"मग तू ने तिला."

"मंगळवारी मला सुट्टी कोन देतंय? पोरांना जेवू कोन घालंल? मी तिकडं शाळेपाशीच मत देनार. आईला तू ने."

"मी?" हर्मनला हसू फुटलं, पण ते फार टिकलं नाही. "एका गाडीत? मी आनि ती?"

"ती मागं बसंल. काचेला पुठ्ठा लाव. आरसा फिरीव."

"पिंपं?"

"एक दिवस पिंपं ऱ्हाऊ देत."

"मेंढ्यांना काय सांगू? मतदान हाय, तहान धरा?"

ग्लेनीबा चुलीतली लाकडं सारखी करत राहिली, आणि हर्मनला दिसलं की तिचे डोळे भरलेत. धुरानं नव्हे.

"बरं," तो म्हणाला. "नेतो."

मंगळवारी त्यानं पिंपं उतरवली. ट्रकच्या मागच्या काचेला पुठ्ठा चिकटवला, आतला आरसा छताकडे फिरवला, बाहेरचा मुडपून ठेवला. मागे मेंढ्यांची कातडी अंथरली, वाऱ्याच्या आडोशाला गवताची पेंढी उभी केली. मग होगानात जाऊन बसला. घंटी वाजली, ट्रकचं फळकं वाजलं, कान्या भुंकला. "कान्या, तू घरी ऱ्हा," यानाबाचा आवाज आला. "त्या मानसाला सांग, मी बसले." हर्मन बाहेर आला आणि जमिनीकडे बघत गाडीत शिरला.

वारा गार होता आणि धूळ घेऊन येत होता. प्रत्येक खड्ड्याला मागून घंटी वाजायची. हर्मन गाडी बैलगाडीसारखी हळू हाकत होता, तरी वाजायची. म्हातारीचं काय होत असेल, या विचारानं तोच अंग चोरून बसला होता. थांबून विचारायची सोय नव्हती. कुत्राही घरी राहिला होता.

दगडांच्या चढावर मागचं चाक फुटलं. हर्मन खाली उतरला, तोंड फिरवून जरा थांबला. ती उतरून ज्युनिपरच्या झुडपामागे गेली असं घंटीवरून कळलं, तेव्हा तो कामाला लागला. जॅक लावला, तो भुसभुशीत मातीत रुतला. सपाट दगड शोधून आणला, पुन्हा लावला. नटांना गंज चढलेला. पान्ह्यावर उभं राहून त्यानं सारा भार टाकला तेव्हा एक सुटला आणि हाताची सालटी निघाली. तेवढ्यात चढावर उभी गाडी जॅकवरून सरकायला लागली.

हर्मननं खांदा लावून तिला अडवून धरलं. पाय घसरत होते, छातीतून आवाज निघत होता. घंटी धावत आली. त्यानं डोळे गच्च मिटले. धप्प. पुढच्या चाकाखाली कोणीतरी दगड लोटला, मग दुसरा. गाडी थांबली.

डोळे उघडायची त्याची हिंमत झाली नाही. तो तसाच गाडीला चिकटून उभा राहिला. त्याला म्हातारीचा धापलेला श्वास ऐकू येत होता, लोकरीचा आणि धुराचा वास येत होता. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती. मग ती खोकली, आणि घंटी हळूहळू झुडपामागे गेली. चाक बदलून झाल्यावर तो दगड उचलताना हर्मनला घाम फुटला. या वयात तिनं तो कसा हलवला ते तिलाच माहीत.

कोल्टरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. मतदान चर्चमागच्या सभागृहात होतं. बाहेर स्वच्छ गाड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये हर्मनचा धुळीनं माखलेला ट्रक, मागे ब्लँकेट पांघरून पाठमोरी बसलेली म्हातारी. येणारे-जाणारे वळून बघत होते. हर्मन आधी आत गेला. टेबलामागे मिसेस डनहम म्हणून पिकल्या केसांच्या बाई होत्या, त्या मुख्य. शेजारी डोरीन नावाची तरुण नवाहो मुलगी दुभाषी म्हणून बसली होती. मागे खुर्ची टाकून उंच टोपीचा एक माणूस थर्मासमधून कॉफी पीत होता. तो सिनेटरच्या बाजूनं देखरेखीला बसलेला. हर्मननं सही केली, पडद्याआड जाऊन ॲग्नेसच्या नावापुढे खूण केली, चिठ्ठी पेटीत टाकली. टोपीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं पण हरकत घेतली नाही.

बाहेर येऊन त्यानं ट्रकवर हलकेच थाप मारली आणि इमारतीच्या कोपऱ्यामागे जाऊन उभा राहिला. घंटी आत गेली. झालं एकदाचं, असं वाटून त्यानं जमिनीवर बसकण मारली.

पण घंटी बाहेर येईना. त्याऐवजी डोरीन धावत आली.

"मामा, आत चला. अडवलंय त्यांनी आजीला."

"का म्हनून?"

"त्यो टोपीवाला म्हनतोय, सकाळी अशीच म्हातारी, असंच ब्लँकेट, अशीच अंगठा देऊन मत टाकून गेली. म्हनतोय, ही तीच हाय, दुसरं नाव सांगून परत आली."

"अगं, पर ती तर आत्ता माज्यासंगं आली!"

"मला कळतंय वो. मी तिथं कामाला, माजी साक्ष चालत न्हाई. बाई म्हनतात, हितल्या यादीतल्या कुनी शपथेवर सांगितलं की ही यानाबाच, तर मत देऊ देते. हितल्या यादीतलं आत्ता तुमीच हायसा."

"ती आत हाय," हर्मन म्हणाला.

डोरीनला लगेच कळलं. तिनं ओठ चावला. "मी ब्लँकेट वढायला सांगते त्यांना डोक्यावरनं. तुमी भिंतीकडं बगून उभं ऱ्हावा."

हर्मन टोपी हातात घेऊन आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर झेंडा होता, त्याच्या शेजारी मुलांनी रंगवलेलं कागदी भोपळ्याचं चित्र. मागे रांगेत दोघं-तिघं कुजबुजले.

"ते असे का उभे आहेत?" मिसेस डनहमनी विचारलं. डोरीन काहीतरी म्हणाली. "बरं. उजवा हात वर करा. खरं तेच सांगाल?"

हर्मन रेल्वेच्या कामावर गोऱ्यांची भाषा शिकला होता. "खरं तेच सांगेन," तो म्हणाला.

"या बाईंना ओळखता?"

"माझ्या बायकोची आई. यानाबा."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. त्या वाईट नव्हत्या.

"एक प्रश्न," टोपीवाला म्हणाला. आवाज अगदी सभ्य. "शपथेवर आहात तर सांगा, या बाईंचा चेहरा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

एक खोटा शब्द पुरे होता. काल पाहिला, सकाळी पाहिला. पण हर्मननं हात वर केला होता, आणि सासूविषयी तसं म्हणणं म्हणजे तर तिच्यासमोरच तिला शिवी देणं. असला निर्लज्ज शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

"कधीच नाही," तो म्हणाला.

रांगेतलं कोणीतरी हसलं. टोपीवाला हसला नाही, तो फक्त मिसेस डनहमकडे बघत राहिला. डोरीन घाईघाईनं चालीरीत समजावू लागली. बाईंनी ऐकून घेतलं.

"अहो, मग तुम्ही ओळखता कशावरून?"

"पावलांवरून. खोकल्यावरून. तिनं चूल पेटवली तर धुरावरून ओळखतो."

"पण चेहरा?"

"चेहरा नाही."

"आम्हाला चेहरा लागतो," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "बंद करायची वेळ होत आलीय."

"काय म्हनत्यात गं?" यानाबानं विचारलं. डोरीननं सांगितलं. सगळं, हसण्यासकट.

हर्मनच्या हातातली टोपी घामानं ओली झाली होती. यानाबा काय करील हे त्याला आधीच उमगलं. त्याला मामा आठवला, भिंतीवरून फिरणारी मामाची बोटं आठवली.

"जावया," यानाबा म्हणाली. आजवर तिनं त्याला कधी हाक मारली नव्हती. "हिकडं फिर."

"नको, आई."

"मी सांगतेय नव्हं. माजा दोष. फिर."

हर्मन फिरला.

तिनं ब्लँकेट खाली सोडलं होतं. चेहरा त्याला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. कपाळ ग्लेनीबाचं, हनुवटीही तिचीच, गालांवर वाऱ्यानं पाडलेल्या खोल चिरा, एका डोळ्यात पांढरं आलेलं. आणि तीही त्याच्याकडे बघत होती. तिनंही त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"केस पिकलं की रं तुजं," ती हळूच म्हणाली.

हर्मनच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यानं पुसलं नाही. तो टेबलाकडे वळला. "हीच," तो म्हणाला. "हीच माझी सासू. आता पाहिलं. द्या तिला मत."

"तेच तर," टोपीवाला म्हणाला. "आता पाहिलं. आतापर्यंत कधी पाहिलं नव्हतं, हे यांनीच शपथेवर सांगितलं. मग ही तीच, हे यांना कसं कळलं? कुठल्याही म्हातारीकडे बघून हे म्हणतील, हीच."

"आवाज!" हर्मन ओरडला. "तिचा आवाज मी ओळखतो! तिनं मला हाक मारली! तुम्हाला माहीत तरी आहे का तिनं आत्ता काय केलं ते?"

"आवाज चढवू नका," टोपीवाला म्हणाला.

मिसेस डनहम समोरच्या कागदाकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "त्यांचं म्हणणं नियमाला धरून आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "मला फार वाईट वाटतं. पुढच्या वेळी लवकर या. दुसऱ्या कोणाला तरी बरोबर आणा." आणि रांगेतल्या माणसाला त्यांनी पुढे यायची खूण केली. हर्मन टेबलासमोर मधोमध उभा होता. "जरा बाजूला होता का?" तो माणूस म्हणाला. हर्मन बाजूला झाला.

ते टेबल उचलून फेकावं असं त्याला वाटलं. पण हात टोपी पिळत राहिले. डोरीन रडत होती. यानाबानं ब्लँकेट गोळा केलं आणि ती दाराकडे निघाली, आणि तो तिच्यामागून गेला, कारण आता वेगळं चालायला काही कारण उरलं नव्हतं.

ट्रकपाशी त्यानं सवयीनं मागचं फळकं उघडलं. यानाबा थांबली, फळक्याकडे पाहिलं आणि पुढं जाऊन त्याच्या शेजारच्या बाजूचं दार उघडू लागली. कडी तिला उघडता येईना. त्यानं उघडून दिली. ती चढून बसली आणि हात मांडीवर ठेवले. काचेवरचा पुठ्ठा त्यानं काढला नाही.

गाव मागे पडलं, डांबर संपलं, चाकोऱ्या सुरू झाल्या. सूर्य डोंगराआड गेला होता.

"मेंढ्या ईक," यानाबा म्हणाली.

"ॲग्नेस निवडून बी येईल, आई. एका मतानं काय—"

"मी रस्त्याचं बोलत न्हाई. तुज्या डोळ्यांचं बोलते." तिनं पुढं बघतच सांगितलं. "तुज्या मामाच्या घरच्यांनी उशीर केला. मी करनार न्हाई. वैदूला बोलवायचं, पुरं गानं घालायचं, लोकं जेवायला घालायची. त्याला सगळा कळप लागंल. लागू दे."

"आई, कळपासाठी तर तू—"

"तुला कुनी बगायला लावलं? मीच. मेंढ्या माज्या हायत." मग तिचा आवाज खाली आला. "उद्याच व्यापाऱ्याला बोलीव. तुला दिसतंय तवर सौदा कर, काटा नीट बग. मागनं आंधळ्याला कोनबी फसवंल."

जिच्या मेंढ्यांसाठी हर्मन वर्षभर पाणी वाहत होता, तिनं त्या एका वाक्यात सोडून दिल्या होत्या, त्याच्यासाठी. समोरचा रस्ता करडा होत चालला होता. दगड आणि माती एकमेकांत मिसळत होती, झुडपांच्या कडा पुसट होत होत्या. तो डोळे फाडून बघत होता. सांज होती की दुसरं काही, ते त्याला ठरवता येईना. त्यानं दिवे लावले.

यानाबा त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"रस्ता दिसतोय न्हवं तुला?" तिनं विचारलं.

"दिसतोय, आई."

पुढच्या वळणावर तिनं पुन्हा विचारलं.